सातारा ते दिल्ली १,२५१ किलोमीटर, पण विमान कुठून? हवाई अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साधनांचं परीक्षण

दोन शहरांची नावं टाकली की विमानाचं अंतर आणि लागणारा वेळ सांगणारी मोफत साधनं आता ढीगभर आहेत. त्यातल्या नेहमीच्या हिशेबाने चालणाऱ्या साधनात सातारा आणि दिल्ली टाकलं, तर उत्तर येतं सुमारे १,२५१ किलोमीटर आणि दोन तास चार मिनिटं. यातलं किलोमीटरचं उत्तर बरोबर आहे. वेळेचं उत्तर मात्र साताऱ्यात कुणाच्याच कामाचं नाही, कारण साताऱ्याहून दिल्लीला विमान जातच नाही. साधनाने एक टिंब सातारा शहरावर धरलं, दुसरं दिल्लीच्या विमानतळावर, मधली रेषा मोजली, तिला ताशी ८०० किलोमीटरने भागलं आणि वर अर्धा तास घातला. पहिल्या टिंबाजवळ विमानतळ आहे का, हे त्याने तपासलंच नाही.

सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा हिशेब करणारी माणसं भरपूर आहेत. अपशिंग्यासारख्या गावांतले जवान सुट्टी संपवून लेह, श्रीनगर, गुवाहाटीकडे निघतात. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरली आहेत. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची मुलगी लंडनला. गाडी किती वाजता काढायची, पुढचं विमान सापडेल का, उतरल्यावर घ्यायला कधी यायला सांगायचं, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. म्हणून ही साधनं कुठे पक्की आहेत आणि कुठे फसवतात, हे नीट सांगणं गरजेचं वाटतं.

निकाल आधीच सांगतो. अंतरासाठी यातली बहुतेक साधनं विश्वासाची आहेत, वेळेसाठी जवळजवळ एकही नाही. अंतर ग्रेट सर्कल मॅपर या वेबसाइटवर काढावं आणि वेळ फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच फ्लाइट नंबरची मागची उड्डाणं पाहून ठरवावी. या जोडीला पैसे पडत नाहीत आणि काम पाच मिनिटांत होतं.

अंतर: तीन वेगळी उत्तरं, तिन्ही बरोबर

कुठलंही साधन वापरण्याआधी त्याची एक सोपी परीक्षा घ्यावी. पुणे ते दिल्ली विचारावं, आणि शहराचं नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकावा: पुण्याचा पीएनक्यू, दिल्लीचा डीईएल. उत्तर १,१५२ च्या आसपास आलं तर ते साधन पृथ्वीला ध्रुवांकडे किंचित चपटी धरून मोजतं. १,१५६ आलं तर पृथ्वी पूर्ण गोल आणि तिची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली आहे. १,१५८ आलं तर गोलच, पण विषुववृत्तावरची ६,३७८ किलोमीटर त्रिज्या घेतली आहे. प्रवाशाच्या दृष्टीने तिन्ही चालतील, सहा किलोमीटर म्हणजे विमानाचं अर्धं मिनिटही नाही. ७१८ आलं तर तो साधा मैल, ६२४ आलं तर सागरी मैल, आणि १,४०० च्या पुढे गेलं तर साधनाने चक्क रस्त्याचं अंतर दाखवलं आहे. या सगळ्यांत न बसणारा आकडा आला तर ते साधन सोडून द्यावं.

मैलांचा घोळ फार जणांना चकवतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक आणि विमानतळ सागरी मैलात आणि नॉटमध्ये बोलतात. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. साधन नुसतं ‘मैल’ म्हणत असेल तर कुठला मैल हे आधी पाहावं. चुकीच्या मैलाने गुणलं की उत्तर पंधरा टक्क्यांनी इकडचं तिकडे होतं.

इंटरनेट नसेल तर भारतापुरतं हे गणित कागदावरही होतं. अक्षांशांतल्या फरकाला १११ ने गुणायचं. रेखांशांतल्या फरकाला १११ ने आणि मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मग दोन्ही आकड्यांचे वर्ग, बेरीज आणि वर्गमूळ. पुण्याचा विमानतळ १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. दिल्लीचा २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशांतला फरक ९.९९, म्हणजे सुमारे १,१०९ किलोमीटर. रेखांशांतला फरक ३.१८, मधला अक्षांश साडेतेवीस, त्याचा कोसाइन ०.९१७, म्हणजे ३२४ किलोमीटर. वर्गमूळ काढल्यावर १,१५५. शाळेतल्या पायथागोरसने संगणकाच्या एका किलोमीटरपर्यंत पोचता येतं. कोसाइन लक्षात ठेवायचे तर १८ अंशाला ०.९५, २३ ला ०.९२, २८ ला ०.८८ एवढे पुरतात. दुबई, लंडन अशा लांबच्या ठिकाणांना ही युक्ती वापरू नये. तिथे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो आणि गोलावरचं अंतर काढणारं हॅवरसाइनचं सूत्रच लागतं.

हॅवरसाइन एक्सेलमध्ये घालणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. पहिली, अंश तसेच घालणं. एक्सेलचं साइन-कोसाइन अंश नव्हे, रेडियन हे कोनाचं दुसरं एकक मागतं, त्यामुळे प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदलावा लागतो, नाहीतर उत्तर कसंही येतं. दुसरी, अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत. पुणे विमानतळाचा अक्षांश १८ अंश ३४ मिनिटं ५६ सेकंद आहे. तो १८.३४ नव्हे, कारण ३४ मिनिटं म्हणजे ३४ भागिले ६०. सरळ १८.३४ लिहिलं तर विमानतळ २५ किलोमीटरहून जास्त दक्षिणेला सरकतो.

तिसरी चूक सगळ्यात घातक, आणि आपल्या भागासाठी तर खासच. पश्चिम रेखांशाला वजा चिन्ह लागतं. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ७३.७८ पश्चिमेला आहे आणि पुणे ७३.९२ पूर्वेला. आकडे जवळजवळ सारखे, फरक फक्त चिन्हाचा! वजा विसरलात तर न्यूयॉर्क थेट पुण्याच्या उत्तरेला किरगिझस्तानात जाऊन बसतं आणि अंतर येतं २,४५३ किलोमीटर. खरं अंतर १२,६३२ आहे. सातारा आणि कराडही याच रेखांशाच्या आसपास असल्यामुळे इथून अमेरिकेचा हिशेब करताना ही चूक डोळ्यांना जाणवत नाही. उत्तर वेडंवाकडं दिसत नाही, नुसतं चुकीचं असतं.

नावाची गफलत वेगळी. हैदराबाद टाकलं तर तेलंगणातलं की सिंधमधलं? औरंगाबाद बिहारमध्येही आहे, सेलम अमेरिकेतही आहे. ‘सातारा’ नावाचा मुक्कामाचा कॅम्प दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि इंग्रजी स्पेलिंग सारखंच असल्यामुळे जागतिक यादी वापरणारं साधन कधी तिकडेही बोट दाखवू शकतं. गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. दोन्हींमधला रस्ता बराच आहे, तेव्हा नुसतं ‘गोवा’ टाकून भागत नाही.

जुनी माहिती न बदलणारी साधनंही सापडतात. इस्तंबूलचा विमानतळ २०१९ मध्ये नव्या जागी गेला आणि आयएसटी हा जुना कोडही सोबत घेऊन गेला. त्यामुळे जुन्या यादीवर चालणारं साधन कोड बरोबर दाखवतं आणि जागा चुकीची. आपल्याकडे २००८ मध्ये हैदराबादची प्रवासी वाहतूक बेगमपेटहून शमशाबादला आणि बंगळुरूची एचएएलहून देवनहळ्ळीला गेली. साधनाने दाखवलेलं टिंब नकाशावर मोठं करून एकदा पाहावं. धावपट्टी दिसली पाहिजे.

वेळ: इथेच सगळी साधनं घसरतात

वेळेचं सर्वांत प्रचलित सूत्र वर सांगितलं तेच, अंतर भागिले ८०० आणि वर तीस मिनिटं. पुणे-दिल्लीला ते एक तास ५७ मिनिटं सांगतं. तिकिटावर साधारण सव्वादोन तास छापलेले असतात. ही वीस मिनिटं कुठे जातात ते पाहू.

आधी वेग. एअरबस ए३२० जातीचं विमान ३५,००० फुटांवर ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने जातं. त्या उंचीवर हवा उणे ५४ अंशांच्या आसपास असते आणि ध्वनीचा वेग ५७६ नॉट. म्हणजे विमानाचा वेग साधारण ४५० नॉट, ताशी ८३२ किलोमीटर. बोइंग ७८७ ध्वनीच्या ०.८५ पट जातं, ते ताशी ९०० च्या थोडं वर. पंख्याचं एटीआर ७२ मात्र ताशी ५१० च्या आसपासच. साधन तिघांनाही ८०० ने भागतं! छोट्या विमानतळांवर एटीआर हमखास भेटतं आणि तिथे हे गणित साफ कोसळतं. कोल्हापूर-हैदराबाद ४४५ किलोमीटर आहे. सूत्र ६३ मिनिटं सांगतं, एटीआर असेल तर जवळजवळ दीड तास धरावा. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचावा.

मग चढ-उतार. ३५,००० फुटांवर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तोवर विमान पूर्ण वेगात नसतं. १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असते. उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल हा वैमानिकांचा ठोकताळा आहे. म्हणजे ३५,००० फुटांवरून उतरणं सुमारे १०५ सागरी मैल, १९५ किलोमीटर आधी सुरू होतं. या सगळ्यात पंधरा मिनिटं खर्ची पडतात.

विमान सरळ रेषेतही जात नाही. धावपट्टीची दिशा, ठरलेले हवाई मार्ग, सैन्याचं राखीव आकाश, उतरण्याची रांग, यांमुळे वळसे पडतात. आयकाओ ही आंतरराष्ट्रीय संस्था विमानाच्या कार्बनचा हिशेब करताना सरळ अंतरात भर घालते: ५५० किलोमीटरपर्यंत ५०, ५५० ते ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५. हा नियम आम्हाला टक्केवारीपेक्षा सरस वाटतो, कारण वळसे मुख्यतः निघताना आणि पोचताना पडतात. त्यांचा एकूण अंतराशी फारसा संबंध नसतो.

शेवटी जमिनीवरचा वेळ. तिकिटावरची वेळ ही विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतची असते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकं जमीन सोडतात ते पुन्हा टेकतात, एवढा वेळ वेगळा. दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळावर नुसतं धावपट्टीपासून गेटपर्यंत पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळ्या वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानं वर घिरट्या घालतात. पुण्याचा लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, तिथे धावपट्टी दलाच्या विमानांबरोबर वाटून घ्यावी लागते. कोल्हापूरला उजळाईवाडीत मात्र जमिनीवर वेळ फार मोडत नाही.

आता हे सगळं मांडू. पुणे-दिल्ली १,१५६, अधिक १०० म्हणजे १,२५६. भागिले ८३०, म्हणजे ९१ मिनिटं. चढ-उताराची १५. जमिनीवरची दोन्हीकडची मिळून २५. एकूण १३१ मिनिटं, दोन तास अकरा. विमान कंपनी त्यावर आणखी पाच-दहा मिनिटं राखून ठेवते, कारण वेळेवर पोचल्याची नोंद छापील वेळेवरून होते. सव्वादोन तास आले. कोल्हापूर-हैदराबाद एटीआरने: ४४५ अधिक ५०, भागिले ५१०, म्हणजे ५८ मिनिटं, चढ-उताराची १०, जमिनीवरची १५. एक तास २३. असं स्वतः केलेलं गणित तयार साधनापेक्षा बहुतेक वेळा जवळचं येतं.

वाऱ्याचा विचार तर ही साधनं करतच नाहीत. जाताना आणि येताना एकच वेळ दाखवली, की समजावं वारा सोडून दिला. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. मुंबई-कोलकाता १,६६५ किलोमीटर. समजा ६० नॉटचा, म्हणजे ताशी १११ किलोमीटरचा वारा पूर्ण वाटभर अगदी पाठीशी आहे. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८३० अधिक १११ होतो, येताना ८३० उणे १११. जाणं १०६ मिनिटं, येणं १३९. चढ-उतार सोडूनच ३३ मिनिटांचा फरक! कोलकात्याहून परतताना मुंबईत पुढची गाडी किंवा विमान धरायचं असेल तर हा अर्धा तास हिशेबात घ्यायलाच हवा.

आणि आकाश बंद असेल तर? एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्याआधी २०१९ मध्येही काही महिने बंद होतं. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना अशा वेळी दक्षिणेकडून मोठा वळसा पडतो. मुंबईहून दुबईला अरबी समुद्रावरून जाणाऱ्याला तेवढा फरक जाणवत नाही. साधन दोघांनाही तीच सरळ कमान दाखवतं. नकाशावर दिसते ती गोलावरची सगळ्यात जवळची वाट असते, विमानाची ठरलेली वाट नव्हे.

वीस मिनिटांचा फरक पैशांतही मोजला जातो

हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, भरपाईचे नियम ब्लॉक टाइमवर चालतात. पूर्वसूचना न देता विमान रद्द झालं आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर भरपाईचा टप्पा असा: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, दोन तासांपेक्षा जास्त असेल तर १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, या दोन्हींतली कमी असेल ती रक्कम. पुणे-दिल्लीला तयार साधन एक तास ५७ सांगतं, तिकिटावर दोन तासांच्या वर असतं. साधनाचा आकडा मान्य करून अर्ज केला तर माणूस स्वतःहून खालच्या टप्प्यात बसतो. अर्जात नेहमी कंपनीच्या वेळापत्रकातला ब्लॉक टाइम लिहावा आणि तिकिटाचा तो भाग सोबत जोडावा.

उशिरासाठीही तसंच आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं मिळायला हवं, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तासांनी, त्यापुढच्याला चार तासांनी. युरोपात उलट पद्धत आहे. तिथली भरपाई सरळ अंतरावर ठरते, १,५०० आणि ३,५०० किलोमीटर हे टप्पे आहेत. त्यामुळे युरोपातल्या प्रवासासाठी अंतराचं साधन खरोखर कामाचं, आणि तिथे १,४९८ की १,५०२ हा वाद खरा असतो. पृथ्वी गोल धरली की चपटी, हे तिथे पाहावं.

कोणतं साधन कशासाठी

ग्रेट सर्कल मॅपर दिसायला जुनाट आहे, पण कामाला चोख. दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन लिहायचे, इंटर दाबायचं. तीन-चार कोड ओळीने लिहिले तर थांबेवार अंतर आणि बेरीज मिळते, म्हणजे पुणे-दिल्ली-लेह एका ओळीत. त्यातली आमची आवडती सोय म्हणजे वर्तुळ. आधी त्रिज्या, मग ॲटचं चिन्ह, मग विमानतळाचा कोड लिहिला की त्या त्रिज्येचं वर्तुळ नकाशावर उमटतं. पुण्याहून ५०० सागरी मैलांत काय काय येतं, हे एका नजरेत कळतं. एकच अडचण, नावापेक्षा कोड माहीत असलेला बरा. तो तिकिटावर किंवा सामानाच्या पट्टीवर असतो.

जिथे विमानतळच नाही, अशा ठिकाणांसाठी गूगल अर्थची पट्टी किंवा गूगल मॅप्समधलं अंतर मोजायचं साधन घ्यावं. मोबाइलवर नकाशावर बोट दाबून धरलं की पिन पडते, आणि तिच्या माहितीत अंतर मोजायचा पर्याय येतो. सांगली शहरापासून उजळाईवाडी सरळ रेषेत ३७ किलोमीटर, बेळगावचा सांबरा ११० आणि पुण्याचा लोहगाव २०५ च्या आसपास. सातारा ते लोहगाव १०१. रस्त्याचं अंतर साधारण याच्या सव्वापट धरावं.

फ्लाइटरडार२४ आणि फ्लाइटअवेअर ही अंतर मोजण्याची साधनं नाहीत, विमानं टिपण्याची आहेत. विमान स्वतःची जागा रेडिओने सतत सांगत असतं, ते जमिनीवरचे रिसीव्हर पकडतात. इथे फ्लाइट नंबर टाकून मागच्या काही दिवसांची यादी उघडावी. ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ शेजारीशेजारी दिसतात. एक दिवस पाहून ठरवू नये. मिळतील तेवढे दिवस पाहावेत, सगळ्यात वाईट दिवस बाजूला काढावा आणि उरलेल्यांतला सर्वांत उशिराचा धरावा. जुना इतिहास हवा तर पैसे भरावे लागतात. साध्या प्रवाशाला त्याची गरज नाही.

‘शहरांची नावं टाका, वेळ मिळवा’ छापाची साधनं तिकीट काढायच्याही आधी, जावं की न जावं या विचारात असताना ठीक आहेत. त्यापुढे त्यांच्यावर गाडीची वेळ ठरवू नये.

वेळ ठरवताना घड्याळांचा फरक विसरला जातो. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावाची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावाची असते. पुण्याहून रात्री ८ ला निघून दुबईला ९.५० ला पोचणारं विमान एक तास पन्नास मिनिटांत जात नाही. दुबईचं घड्याळ दीड तास मागे आहे, म्हणजे प्रवास तीन तास वीस मिनिटांचा. सरळ अंतर २,०५० किलोमीटर आहे, त्यालाही हेच शोभतं. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. साधन फरक दाखवत असेल तर तो आजचा आहे की प्रवासाच्या तारखेचा, हे पाहावं.

लेहला निघालेल्या जवानांच्या घरच्यांसाठी एक वेगळी सूचना. दिल्ली-लेह सरळ ६२० किलोमीटर आहे. साधन सव्वा तास सांगतं आणि ते फारसं चुकत नाही. चुकतं ते वेगळ्या ठिकाणी. लेहचा विमानतळ ३,२०० मीटरपेक्षा उंच आहे. दुपारी हवा तापून विरळ होते आणि दरीत वारा उठतो, म्हणून विमानं बहुतेक सकाळीच ये-जा करतात. त्यामुळे पुणे-दिल्ली आणि दिल्ली-लेह या दोन वेळांची नुसती बेरीज करून चालत नाही. आदल्या दिवशी दिल्लीत पोचणं आणि रात्रीची सोय, हे धरूनच सुट्टीचे दिवस मोजावे लागतात.

आणि घरापासूनचा हिशेब. साताऱ्याहून दिल्ली: लोहगावापर्यंत साधारण १२० किलोमीटर. खंबाटकी आणि नवले पुलाची गर्दी धरून तीन तास. विमानतळावर दोन तास आधी. सव्वादोन तास विमान. सामान घेऊन बाहेर पडायला चाळीस मिनिटं. एकूण सात तास पंचावन्न मिनिटं, साधनाच्या दोन तास चार मिनिटांच्या जागी. सांगलीकरांना मुंबई, हैदराबादसाठी उजळाईवाडी सोयीचं पडतं, पण तिथून उड्डाणं कमी असतात. एक रद्द झालं तर पुढचं दुसऱ्या दिवशी, असंही होऊ शकतं. कराड, इस्लामपूरच्या लोकांनी दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहाव्यात. कराडहून कोल्हापूरचा विमानतळ ८० किलोमीटरच्या आसपास, पुण्याचा त्याच्या दुपटीहून लांब. पण पुण्याहून दिल्लीला थेट विमान आणि कोल्हापूरहून थांबा घेऊन असेल, तर दोन तासांचा रस्ता वाचवून चार तासांचा थांबा पदरात पडतो. महामार्गाचं सहापदरीकरणाचं काम जिथे सुरू असेल तिथे रस्त्याला आणखी अर्धा तास जोडावा.